घटातलं वावर



भिगवणच्या या व्याख्यानमालेच्या संयोजकांनी मला ‘नवरात्राचा अर्थ’ असा विषय दिला. मी नऊ दुर्गांची नावं सांगेन, महिषासुराची कथा सांगेन आणि ‘आजची स्त्री हीच दुर्गा’ असं म्हणून टाळ्या घेऊन खाली बसेन, अशी त्यांची अपेक्षा असावी. ते वाक्य इतक्या फ्लेक्सवर छापून झालंय की त्याचा रंग उडालाय. शिवाय ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते ते वर्गात विज्ञान शिकवायचे. त्यांच्यापुढे तेवढ्यावर निभावलं नसतं. म्हणून आज पोथी जरा बाजूला ठेवतो आणि मातीपासून सुरुवात करतो.

घट बसवायला काय लागतं हे समोर बसलेल्या आयाबायांना सांगायची गरज नाही. पुरुषांसाठी सांगतो, कारण आपला संबंध बहुधा बाजारातून नारळ आणि विड्याची पानं आणण्यापुरता. वावरातली काळी माती आणायची. तिला आपल्याकडे वावरीच म्हणतात. हल्ली ती बाजारात पिशवीतून विकत मिळते, तो भाग वेगळा. खडे वेचून, ढेकळं चुरून ती दुरडीत नाहीतर पत्रावळीवर पसरायची. मधोमध मातीचा घट ठेवायचा आणि भोवतीनं धान्य पेरायचं: गहू, जोंधळा, हरभरा, मूग, करडई, जवस, घरात असेल ते. घटात पाणी, तोंडाशी विड्याची पानं, वर नारळ. शेजारी नऊ दिवस तेवणारा दिवा. वरून रोज एक माळ सोडायची. पहिली विड्याच्या पानांची, मग झेंडूची, कारळ्याच्या फुलांची, तरवडाच्या फुलांची, रानात त्या दिवसांत जे फुललेलं असेल त्याची. सातव्या-आठव्या माळेला कडकण्यांचा फुलोरा. त्यात वेणी असते, फणी असते, बांगड्या असतात. बाईच्या नटण्याचं सगळं सामान कणकेचं करून, तेलात तळून घटावर टांगायचं.

आता मला सांगा, या मांडणीत देवीची मूर्ती कुठे आहे? पुष्कळ घरांत नसतेच. देव्हाऱ्यातले टाक विड्याच्या पानावर बसलेले असतात, त्यांना नऊ दिवस हलवायचं नाही. पण रोज जिच्याकडे वाकून बघायचं ती दुरडीतली माती असते. आणि त्या मातीत खरोखर काहीतरी घडत असतं. मातीचा घट पाझरतो. कुंभारानं तो तसाच भाजलेला असतो. आपल्या भागात ठिबक येण्याच्या कितीतरी आधी या घटानं ठिबकचं काम केलेलं आहे. तांब्याचा कलश मांडणाऱ्यांना वरून पाणी शिंपडावं लागतं. पहिले दोन दिवस काही दिसत नाही. तिसऱ्या माळेला माती जरा फुगते, तिला बारीक तडे जातात. मग गव्हाची पांढरी टोकं वर येतात, त्यामागून जोंधळा. नवव्या माळेपर्यंत वीतभर वाढ झालेली असते, पण ती हिरवी नसते. देवघराच्या कोपऱ्यात उजेड कमी, आणि हिरवा रंग तयार व्हायला उजेड लागतो. म्हणून कोंब लांब, नाजूक आणि पिवळे निघतात. दसऱ्याला आपण टोपीत खोवतो त्या तुऱ्यांचा सोनेरी रंग हा असा अंधारातून आलेला आहे. गुरुजींनी हे वर्गात नक्की सांगितलं असतं.

हे सगळं आश्विनातच का? इंदापूर, दौंड, करमाळा हा पट्टा पर्जन्यछायेचा. मृगाच्या भरवशावर इथला शेतकरी कधी राहिला नाही. त्याचा भरवसा उत्तरा आणि हस्तावर, म्हणजे परतीच्या पावसावर. काळ्या रानात ओल धरली की सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत रब्बीचा जोंधळा पेरायचा. शाळू म्हणा, मालदांडी म्हणा, वर्षाची भाकरी या महिनाभरात ठरायची. नेमक्या त्याच दिवसांत घरातली बाई देवघरात वावर मांडते आणि पेरते. काही लोक म्हणतात, ही आपल्या पूर्वजांची बियाण्याची उगवण चाचणी होती. मला हे अर्धंच पटतं. नुसती चाचणीच करायची तर ती पेरणीच्या पंधरा दिवस आधी करतील, ऐन पेरणीत नाही. आणि चाचणीला अखंड दिवा लागत नाही, कडकण्यांची वेणी-फणी लागत नाही, रात्र जागवावी लागत नाही. सणाला शास्त्रीय कारण चिकटवलं की त्याची अब्रू वाढते, अशी आपली एक समजूत झालीय. नवरात्राला त्याची गरज नाही.

एक गोष्ट मात्र बघा. उजनी धरण भरलं ते १९८०च्या सुमाराला. भीमेकाठची गावं पाण्याखाली गेली, माणसं वर सरकली. पळसदेवचं जुनं पळसनाथाचं देऊळ उन्हाळ्यात पाणी फार खाली गेलं की अजून डोकं वर काढतं. त्या पाण्याच्या जोरावर मागच्या दोन पिढ्यांत इथला जोंधळा हटला आणि ऊस आला. शिवारात नजर जाईल तिकडं ऊस. पण घटात कुणी ऊस लावलाय? लावता येणारही नाही, तो कांडीनं लागतो. आज ज्याच्या घरी चार पोतीही जोंधळा पिकत नाही, त्याच्या घटात जोंधळा असतोच. वाण्याकडून मूठभर आणतील, पण पेरतील. शेत बदललं, घट बदलला नाही. धरणाच्या आधीचं आपलं वावर बघायचं असेल तर ते आता त्या दुरडीतच शिल्लक आहे.

थोडं मागं जाऊ या. आपल्या भीमेला वरच्या अंगाला घोड नदी मिळते. त्या घोडकाठी, शिरूर तालुक्यात, इनामगाव आहे. १९६८ ते १९८३ या काळात पुण्याच्या डेक्कन कॉलेजनं तिथं उत्खनन केलं. ह. धी. सांकळिया, म. के. ढवळीकर, झैनुद्दीन अन्सारी अशी मोठी मंडळी त्यात होती. तीन-साडेतीन हजार वर्षांपूर्वीचं शेतकऱ्यांचं गाव मातीखालून निघालं. सातू हे त्यांचं मुख्य धान्य. तिथल्या एका घराच्या जमिनीखाली, कोपऱ्यात पुरलेली, झाकणाची एक लांबट गोल मातीची पेटी सापडली. इसवी सनापूर्वी १३००च्या सुमाराची. त्या पेटीसोबत स्त्रीच्या मूर्ती होत्या आणि एक बैल होता. सगळं कच्च्या मातीचं, भाजलेलं नाही. त्यातल्या एका स्त्रीमूर्तीला डोकंच नव्हतं. तुटलेलं नव्हे, मुळातच केलेलं नव्हतं. तिच्या पोटाला आणि बैलाच्या पाठीला छिद्रं होती. मधे काडी घातली की ती बैलावर उभी राहील, अशी.

ती कोण, तिला काय म्हणत, आपल्याला कळायला मार्ग नाही. इनामगावच्या त्या बाईची आणि आपल्या घटाची सरळ वंशावळ लावण्याचं धाडस मी करणार नाही. मधे फार काळ गेला. पण याच पाण्याच्या काठी, शेती करणाऱ्या माणसांनी, घरातल्या जमिनीत, कच्च्या मातीची बाई ठेवली होती, एवढं तरी खरं. रा. चिं. ढेरे यांनी १९७८ साली ‘लज्जागौरी’ हा ग्रंथ लिहिला. मस्तक नसलेल्या, प्रसूतीच्या अवस्थेतल्या देवीच्या मूर्तींचा त्यांनी माग काढला आणि त्या मूर्ती, पाण्यानं भरलेला कुंभ, वारूळ, भूमी या सगळ्यांचं एकच सूत्र दाखवलं: गर्भ. हे सूत्र एकदा ध्यानात आलं की घटाकडे बघायची नजर बदलते. पोट असलेला, पाण्यानं भरलेला, पाझरणारा आणि ज्याच्या भोवती जीव उगवतो असा तो घट. त्याला हात, पाय, चेहरा कशाला हवा?

मग लढाईचं काय? देवीमाहात्म्य हा मार्कण्डेय पुराणाचा भाग. तेरा अध्याय, सातशे श्लोक, त्यात महिषासुर आणि शुंभ-निशुंभ येतात. ते थोर काव्य आहे, त्याला कमी लेखायचं कारण नाही. पण त्याच ग्रंथाच्या अकराव्या अध्यायात देवी एक वचन देते, त्याची जाहिरात कुणी करत नाही. शंभर वर्षं पाऊस पडणार नाही, तेव्हा मी माझ्या देहातून भाज्या उगवून जग जगवीन आणि मला शाकंभरी म्हणतील, असं ती सांगते. दुष्काळी मुलखातल्या माणसाला यातली कुठली देवी जवळची वाटेल? तुळजापुरात पौषात शाकंभरीचं वेगळं नवरात्र होतं. आणि आपल्या बारामती तालुक्यात तर शासनालाही हे कळलेलं दिसतं. उंचावरच्या कोरड्या गावांना पाणी उचलून देणाऱ्या योजनेला त्यांनी नाव दिलं जनाई-शिरसाई उपसा सिंचन योजना. दोन देव्यांचं नाव घेऊन पाणी चढवायचं. शिरसाई आपल्या शेजारच्या शिर्सुफळची.

महिषासुराबद्दलही एक गंमत सांगायला हवी. दामोदर धर्मानंद कोसंबी, हे गणिती, पुण्याच्या आसपासच्या डोंगरदऱ्या पायी हिंडले, शेंदूर लावलेले दगड बघत, बायकांना प्रश्न विचारत. त्यांचं ‘मिथ अँड रिॲलिटी’ १९६२ साली आलं. त्यांनी दाखवलं की देवी ज्याला मारते तो महिष आणि आपल्या बांधावरचा म्हसोबा यांचं नातं आहे, आणि याच भागात काही ठिकाणी तोच देवीचा नवरा आहे! नीरा नदीवरच्या वीरला जाऊन बघा. माघ पौर्णिमेला श्रीनाथ म्हस्कोबा आणि जोगेश्वरीचं लग्न लागतं, मोठी यात्रा भरते. तिथले भक्त म्हस्कोबाला काळभैरव मानतात, रेड्याशी असलेलं नातं हे अभ्यासकांचं म्हणणं. गुंथर सोन्थायमर या जर्मन अभ्यासकानं धनगरांच्या ओव्या गोळा करत या देवांवर आयुष्य घालवलं. कोसंबींचा तर्क असा की दोन समाज एकमेकांत मिसळले की त्यांच्या देवांची लग्नं लागतात, आणि ते भांडले की कथेत वध होतो. पोथीत वध, गावात लग्न. वीरच्या पाण्यावर १८८५ पासून नीरा डावा कालवा चालतोय, त्यावर बारामती-इंदापूरची बागायत उभी राहिली. म्हणजे आपण ज्याचं पाणी पितो त्या गावातला नवरदेव कोण, हे आपण विसरायला नको. देवीच्या पायाखालचा राक्षस कोण, हे ठरवताना माणसानं जरा जपून बोट दाखवावं.

आता तुळजापूर. घटाच्या आदल्या रात्री आपल्या सोलापूर रस्त्यानं ज्योत घेऊन पळणारी पोरं तुम्ही दरवर्षी बघता. मागं टेम्पो, त्यावर स्पीकर, पायात चप्पल नाही. ज्या देवीकडून ती ज्योत येते, तिच्याबद्दलची एक गोष्ट मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. ती झोपते. नवरात्राच्या आधी, भाद्रपद वद्य अष्टमीपासून मूर्ती सिंहासनावरून उतरवून पलंगावर निजवतात. ही घोरनिद्रा. मग नऊ दिवस जागरण. दसऱ्याला नगरजवळच्या बुऱ्हाणनगरहून पालखी येते, आंबेगाव तालुक्यातल्या घोडेगावाहून निघालेला पलंग येतो, सीमोल्लंघन होतं आणि देवी पुन्हा निजते ती कोजागरीपर्यंत. ही श्रमनिद्रा. पौषात शाकंभरी नवरात्राच्या आधी तिसरी, मोहनिद्रा. ते घोडेगावही त्याच घोड नदीच्या काठचं. इनामगावच्या वरच्या अंगाचं.

श्रमनिद्रा. देवीला श्रम होतात, आणि तिला झोप हवी, हे ज्यांनी मान्य केलं ते लोक मोठ्या मनाचे होते. ओडिशात रजपर्व नावाचा सण आहे. पावसाळ्याच्या तोंडावर तीन दिवस पृथ्वीला पाळी येते असं मानतात. त्या दिवसांत नांगर धरत नाहीत, पोरी झोके घेतात. आसामात कामाख्येच्या देवळाचं दार आषाढात याच कारणानं तीन दिवस बंद असतं, आणि दार उघडल्यावर प्रसाद म्हणून लाल वस्त्र देतात. पाळी, विसावा आणि सुपीकपणा यांचा संबंध या मंडळींनी लपवला नाही.

आपल्याकडे काय होतं? घट बसायच्या आधीचा आठवडा आठवा. घरातली एकूण एक गोधडी, वाकळ, चादर, पडदा, पोतेरं धुऊन निघालं पाहिजे. उजनीच्या काठाला, कालव्यावर, विहिरीवर बायकांची रांग. भिजलेली वाकळ म्हणजे पंधरा-वीस किलोंचा ऐवज, ती एकटीला पिळता येत नाही. दोघी दोन टोकं धरून पीळ घालतात, पाणी निथळतं, मग बाभळीच्या काट्यांतून वाचवत ती कुंपणावर टाकायची. माळ्यावरची भांडी काढायची, भिंती झाडायच्या. त्यानंतर नऊ दिवस उपवास, आणि उपवास नसणाऱ्यांचा स्वयंपाक वेगळा. वर्तमानपत्रांनी रुजवलेले नऊ रंग आहेतच, त्या-त्या रंगाची साडी शोधायची. देवीला तीन निद्रा. जी हे सगळं करते तिच्या वाट्याला एकही नाही.

आणि मुख्य गोष्ट. ज्या घटाला आपण गर्भ मानला, त्याच्या जवळ पाळी आलेल्या बाईला जाऊ देत नाहीत. नवरात्राच्या तोंडावर मेडिकलवाल्याला विचारा, पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या किती जातात. डॉक्टरला न विचारता, चिठ्ठीशिवाय, मुलगी-सून-सासू सगळ्यांसाठी. शाळेत जाणाऱ्या पोरींनाही देतात. कुणी तिच्यावर जबरदस्ती करत नाही असं आपण म्हणतो. ती स्वतःच घेते. घरातली माती फळावी म्हणून नऊ दिवस जागायचं, आणि घरातल्या बाईचं शरीर त्याच कामासाठी महिन्याच्या महिन्याला जे करतं ते गोळीनं थांबवायचं. मी नास्तिक माणूस नाही. माझ्या घरी घट बसतो. पण ही विसंगती माझ्या गळ्याखाली उतरत नाही, आणि याला धर्माचा आधार आहे असं कुणी म्हटलं तर मी त्याला कामाख्येचं तिकीट काढून देईन.

इथं थांबलो असतो, तर हा आपल्या घरातला मामला म्हणून सोडून देता आला असता. पण दसऱ्यानंतर काय होतं? घट उठतात आणि बीड, नगरच्या दुष्काळी गावांतून टोळ्या निघतात. आपल्या फडांत ऊस तोडायला. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून आधीच उचल घेतलेली. एक दिवस काम चुकलं की खाडा, त्याचे पैसे कापले जातात. पाळीत पोट दुखलं तरी मोळी डोक्यावर घेऊन ट्रॉलीला लावलेल्या फळीवर चढायचं. पाण्याची सोय नाही, आडोसा नाही. त्यातून आजार, आजारातून डॉक्टर, आणि डॉक्टर सांगतो पिशवी काढून टाका. २०१९ साली हे प्रकरण वर्तमानपत्रांत गाजलं. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बीड जिल्ह्यात ऊसतोडणी करणाऱ्या ८२,३०९ बायकांची पाहणी झाली. त्यांतल्या १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं होतं. सहा बायकांमागे एक. त्यांतल्या कितीतरी तिशी-पस्तिशीच्या.

हा आकडा ऐकून आपण बीडला नावं ठेवतो. त्या बाया तोडतात तो ऊस बीडचा नसतो. आपल्या घटात जोंधळा आहे आणि रानात ऊस आहे, असं मघाशी मी जरा कौतुकानं म्हणालो. त्या कौतुकाला ही दुसरी बाजू आहे. जोंधळा काढायला घरची माणसं पुरायची. उसाला दुसऱ्याच्या घरचा गर्भ लागतो, असं म्हणण्याची पाळी आलीय. हे शब्द कडवट वाटतील, पण नवरात्राचा अर्थ विचारलात म्हणून सांगतो. गर्भ पूज्य असेल तर तो कुणाचा, एवढाच प्रश्न आहे. फक्त आपल्या देवघरातल्या घटाचा?

मग करायचं काय, असं कुणीतरी विचारेलच. घट बंद करा असं मी म्हणणार नाही. तो टिकून आहे म्हणून तर हा प्रश्न मला विचारता येतोय. दोनच गोष्टी सांगतो, दोन्ही किरकोळ आहेत. या नवरात्रात घरात पाळी आली तर पाण्याची झारी तिच्याच हातात द्या. कोंब जळतात का बघा. गुरुजी प्रयोगावर विश्वास ठेवणारे होते. आणि कारखान्याचं गाळप सुरू होऊन तोडणीवाल्यांच्या कोप्या पडल्या की ग्रामसभेत तीन प्रश्न विचारा: कोप्यांजवळ न्हाणीघर आणि संडास आहे का, प्यायचं पाणी कुठून येतं, आणि पाळीच्या दिवसांचा खाडा कापला जातो का. उत्तर लेखी मागा. ग्रामसभेचं इतिवृत्त लिहिलं जातं आणि ते नंतर बघायला मिळतं.

प्रश्नोत्तरांना अर्धा तास ठेवलाय असं संयोजक म्हणाले. दरवेळी पुढच्या खुर्च्यांवरचे पुरुषच आधी उठतात. आज पहिले चार-पाच प्रश्न बायकांनी विचारावेत, माईक मागच्या रांगेत न्यावा, एवढी विनंती करतो आणि खाली बसतो.